रायबंदर : दोन राजधान्यांच्या वाटेवरचे गाव

राजधानीच्या शहराचा इतिहास लिहिणारे पुष्कळ भेटतात. राजधानीच्या वेशीवर वसलेल्या गावाचा इतिहास लिहिण्याचे मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. राजवाडा, कचेऱ्या, देवळे, चर्चे, पुतळे आणि चौक यांच्या वर्णनात शहराची कथा संपते. आणि शहरात शिरण्यापूर्वी वाटसरूने ज्या गावातून पाऊल टाकलेले असते, ते गाव कथेबाहेरच राहते. वस्तुतः राजधानीचा संसार कसा चालतो हे पाहावयाचे असेल तर तिची वेसच पाहिली पाहिजे. दारूचे कोठार, इस्पितळ, अनाथांचा आश्रम, मिठाची आगरे, होड्यांचा धक्का या साऱ्या गोष्टी राजधानीला लागतात. पण राजवाड्याच्या खिडकीतून त्या दिसाव्यात असे कोणाही राज्यकर्त्याला वाटत नाही. मग त्यांची सोय वेशीवरच्या गावात लावली जाते, आणि ते गाव मुकाट्याने तो भार वाहते.

गोव्याच्या तिसवाडी तालुक्यातील रायबंदर हे असे एक गाव आहे. त्याचे वेगळेपण एवढेच की, ते एका नव्हे, तर दोन राजधान्यांच्या वेशीवर वसलेले आहे. पूर्वेला जुने गोवे, पश्चिमेला पणजी, आणि या दोहोंच्या दरम्यान, मांडवीच्या दक्षिण तीरावर, टेकडी आणि नदी यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीत रायबंदर लांबच लांब पसरले आहे. उत्तरेला, नदीच्या पलीकडे, चोडण आणि दिवाडी ही दोन बेटे. त्यांच्याही पलीकडे डिचोली महालाचा प्रदेश. जुन्या गोव्यापासून पणजीपर्यंतचे अंतर उणेपुरे नऊ-दहा किलोमीटरांचे. परंतु एवढा पल्ला गाठण्यास गोव्याच्या राजधानीला सुमारे दीडशे वर्षे लागली, आणि त्या सबंध काळात तिची वाट रायबंदरातूनच जात होती.

राजाचे बंदर

‘राय’ म्हणजे राजा आणि ‘बंदर’ म्हणजे बंदर, अशी या नावाची फोड लोक करतात. तो राजा कोणता, याविषयी भांडण्यात अर्थ नाही; कारण मांडवीच्या तीरावर राज्य करणारे राजे अनेक होऊन गेले. गोव्याच्या राजधान्यांचा इतिहास हा बहुतांशी नद्यांचा इतिहास आहे. कुशावतीच्या काठचे चंद्रपूर म्हणजे आजचे चांदोर मागे पडले आणि कदंबांच्या काळात जुवारीच्या मुखाजवळचे गोपकपट्टण भरभराटीस आले. पुढे तेही बंदर मागे पडले आणि मांडवीच्या काठी एळा नावाच्या ठिकाणी नवे शहर उभे राहिले. बहामनी राज्याचा वजीर महमूद गवान याने १४७२ साली गोवा घेतला. बहामनी राज्याची शकले झाल्यावर एळ्याचे हे बंदर विजापूरच्या आदिलशाहीकडे आले.

१५१० साली अफोन्सो द आल्बुकेर्क याने हे शहर एकदा घेतले, गमावले आणि पुन्हा घेतले. मे महिन्यात आदिलशाही फौजेने त्याला शहराबाहेर काढले, तेव्हा पावसाळा तोंडावर आला होता. समुद्र खवळलेला, नदीच्या मुखाशी रेतीचा बांध, आणि दोन्ही तीर शत्रूच्या ताब्यात. अशा स्थितीत त्याची जहाजे ऑगस्टपर्यंत मांडवीच्या पात्रातच अडकून पडली. माणसांची उपासमार झाली. अखेर २५ नोव्हेंबर १५१० रोजी शहर कायमचे पोर्तुगिजांच्या हाती गेले. या प्रसंगाने एक गोष्ट मात्र उभय पक्षांना पुरती उमगली : एळ्याचे भवितव्य एळ्याच्या तटबंदीवर नव्हे, तर मांडवीच्या मुखापासून एळ्यापर्यंतच्या त्या अरुंद जलमार्गावर अवलंबून आहे. रायबंदर त्या जलमार्गाच्या काठावरचे गाव होते. लिस्बनहून आलेले प्रत्येक जहाज त्याच्या समोरूनच शहराकडे जात असे.

नदीकाठी उभे असलेले ‘नोस्सा सेन्योरा द आजुदा’ म्हणजे साहाय्यकारी मातेचे चर्च याच दर्यावर्दी जीवनाची खूण आहे. ते १५६५ सालचे. वादळात सापडलेल्या एका जहाजावरील लोकांनी नवस केला आणि सुखरूप किनाऱ्याला लागल्यावर तो फेडला, अशी त्याच्या स्थापनेमागची परंपरा सांगितली जाते. परंपरेतील तपशील बाजूला ठेवला तरी हे खरे की, राजधानीतील चर्चे राजांच्या व विजयांच्या स्मरणार्थ उभी राहत होती, तेव्हा वेशीवरच्या या गावात समुद्राच्या भीतीने गांजलेल्या माणसांचे चर्च उभे राहिले.

लिन्यारिशचा पूल

रायबंदरच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना म्हणजे पणजीकडे जाणारा बांधीव रस्ता. सोळाव्या शतकात पणजी हे मोठे गाव नव्हते. आदिलशाहाने बांधलेला नदीकाठचा वाडा, काही घरे, नारळीच्या बागा आणि दलदल, एवढाच त्याचा पसारा. रायबंदर आणि पणजी यांच्यामध्ये खाजनाची सखल जमीन पसरलेली होती. भरतीचे पाणी तीत शिरे आणि ओहोटीला चिखल उरे. राजधानीतून नदीच्या मुखाकडे खुष्कीने जावयाचे तर हा चिखलच मोठा अडसर होता.

१६२९ ते १६३५ या काळात गोव्यात व्हाइसरॉय असलेला लिन्यारिशचा काउंट दों मिगेल द नोरोन्या याने हा अडसर दूर करण्याचे मनावर घेतले. १६३३-३४ या काळात त्याने रायबंदरपासून पणजीच्या पाट्ट्यापर्यंत जांभ्या दगडाचा बांधीव मार्ग उभारला. त्याची लांबी तीन किलोमीटरांहून अधिक आहे. त्याला ‘लिन्यारिशचा पूल’ म्हणतात, आणि पूल हे नाव सार्थ आहे. कारण हा नुसता मातीचा बांध नव्हे. भरती-ओहोटीचे पाणी एका बाजूकडून दुसरीकडे मोकळेपणी जावे म्हणून त्याच्या पोटात ठिकठिकाणी कमानी ठेवलेल्या आहेत. एके काळी आशिया खंडातील अत्यंत लांब पुलांमध्ये त्याची गणना होत असे.

हा पूल बांधला गेला तो काळ ध्यानात घेतला म्हणजे त्याचे मोल कळते. पोर्तुगिजांच्या वैभवाचा तो माध्यान्हकाळ नव्हता. सूर्य कलू लागला होता. डचांनी पूर्वेकडील व्यापारात जबर हात घातला होता. इंग्रजांशी कायमचे वैर परवडेना म्हणून १६३५ च्या जानेवारीत याच लिन्यारिशने सुरतेच्या इंग्रज वखारीचा प्रमुख विल्यम मेथवोल्ड याच्याशी गोव्यात तह केला. पुढच्याच वर्षापासून डच आरमार मांडवीच्या मुखाशी येऊन नाकेबंदी करू लागले. साम्राज्य खचत असता त्याच्या एका अधिकाऱ्याने चिखलातून वाट काढली. त्या साम्राज्याची जहाजे गेली, तोफा गंजल्या, महाल कोसळले; परंतु ती वाट मात्र आजही चालू आहे. पोर्तुगीज अमदानीतील ज्या बांधकामांचा उपयोग सामान्य माणसाला रोजच्या रोज झाला, त्यांत या पुलाची जागा फार वरची आहे.

आणखी एक गोष्ट त्या काळी कोणाच्या ध्यानी आली नसावी. राजधानीला समुद्राशी जोडण्यासाठी बांधलेल्या या वाटेनेच पुढे राजधानी घर सोडून निघून गेली.

राजधानी पाऊल उचलते

शहर सोडावे लागण्याची कारणे दोन : रोगराई आणि भीती. एळ्याच्या शहराला दूषित पाणी, दाट वस्ती आणि सभोवारची दलदल यांनी ग्रासले होते. पटकी आणि हिवताप यांच्या साथी पुनःपुन्हा येत. राजधानीतील राजेशाही इस्पितळाची कीर्ती युरोपात पोहोचली होती. १६०८ च्या सुमारास तेथे रुग्ण म्हणून राहिलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल याने तेथील स्वच्छतेची आणि चांदीच्या ताटवाट्यांची तोंडभरून स्तुती केली आहे. परंतु चांदीच्या ताटांनी साथ आवरत नाही. शहर हळूहळू ओस पडू लागले.

भीतीचे कारण मराठ्यांनी पुरविले. १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या सैन्याने राजधानीच्या अगदी कुशीतले जुवे बेट, म्हणजे सांत इस्तेव्ह, काबीज केले. ते परत घेण्यास गेलेला व्हाइसरॉय काउंट द आल्व्होर याला पराभव पत्करून माघारी यावे लागले. निराश होऊन त्याने आपला राजदंड सेंट फ्रान्सिस झेव्हियरच्या शवपेटिकेपाशी नेऊन ठेवला, ही हकिकत प्रसिद्धच आहे. त्याच सुमारास औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर डिचोलीस मुक्कामाला होता, आणि मराठी सत्तेचे ठाणे नदीपलीकडे नांदत होते. पुढे मोगल शाहजादा शाहआलम घाट उतरून कोकणात आला, तेव्हा राजधानीवरचे संकट टळले. तथापि राज्यकर्त्यांच्या मनाने एकदा धसका घेतला तो घेतलाच. राजधानी मुरगावला हलविण्याचा बेत झाला, काही बांधकामही झाले. परंतु तो तडीस गेला नाही.

मुरगाव दूर होते. रायबंदर जवळ होते. १६९५ साली व्हाइसरॉय काउंट द व्हिला व्हेर्दी याने शहर सोडून आपला मुक्काम पणेली येथे हलविला. पणेली म्हणजे रायबंदर आणि जुने गोवे यांच्या मधला भाग. तेथे दारूचा कारखाना होता, आणि त्याच आवारातील वाड्यात व्हाइसरॉय राहू लागले. वेशीवरच्या दारूखान्यात राज्यप्रमुखाने आसरा घ्यावा, यातच राजधानीची अवस्था स्पष्ट होते. ही व्यवस्था साठांहून अधिक वर्षे चालली. या काळात रायबंदर हे राज्याच्या प्रमुखाच्या उंबरठ्याशी होते. १७५९ साली पणेलीतही साथीने ठाण मांडले, तेव्हा काउंट द एगा याने तो वाडा सोडला आणि लिन्यारिशच्या पुलावरून तो पणजीतील आदिलशाहाच्या जुन्या वाड्यात जाऊन राहिला.

जुने शहर पुन्हा वसविण्याचा एक निकराचा प्रयत्न याच शतकात झाला. पोर्तुगालचा सर्वाधिकारी मंत्री पोंबाल याने १७७४ साली तसा हुकूम दिला. मोडक्या शहरात मजूर कामाला लावण्यात आले. त्यांतले कितीतरी तापाने मेले आणि १७७७ मध्ये काम थांबले. राजधानी हुकमाने हलत नाही आणि हुकमाने परतही येत नाही, हे लिस्बनला या प्रकरणाने कळले. माणसे आरोग्याच्या आणि उदरनिर्वाहाच्या वाटेने जातात. राजमुद्रा त्यांच्या मागोमाग येते.

नवे गोवे आणि वेशीवरचा भार

पणजीचे खरे शहर केले ते १८२७ ते १८३५ या काळातील गव्हर्नर दों मान्युएल द पोर्तुगाल इ कास्त्रू याने. त्याने दलदल बुजविली, रस्ते आखले, इमारती उभारल्या. २२ मार्च १८४३ च्या राजाज्ञेने पणजीला ‘नोव्हा गोवा’ म्हणजे नवे गोवे असे नाव मिळाले आणि ती विधिपूर्वक राजधानी झाली. येथे एक मौजेची गोष्ट आहे. कागदोपत्री ‘नवे गोवे’ म्हणजे केवळ पणजी नव्हती; पणजी, रायबंदर आणि जुने गोवे या तिन्ही वस्त्या मिळून ते शहर मानले गेले. म्हणजे दोन राजधान्यांच्या मधले गाव आता एका लांबलचक राजधानीचा मधला भाग बनले. जुने गोवे हे तिचे स्मरण, पणजी तिचा कारभार, आणि रायबंदर त्यांना जोडणारा सांधा.

सांध्याच्या वाट्याला काय आले, हे पाहण्यासारखे आहे. १८३५ साली गोव्यातील धार्मिक संघ बरखास्त झाले, मठ रिकामे पडले, आणि जुन्या शहरातील उरल्यासुरल्या संस्थांना छप्पर उरले नाही. त्यांतली ‘सांता काझा दा मिझेरिकॉर्दिया’ ही धर्मादाय संस्था पोर्तुगीज अमदानीइतकीच जुनी. आजारी, अनाथ, विधवा, कैदी, मृत यांची चाकरी करणे हे तिचे काम. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या संस्थेचा, तिच्या इस्पितळाचा आणि अनाथ व निराधार स्त्रियांच्या आश्रयस्थानांचा संसार रायबंदर आणि त्याला लागून असलेले चिंबल या परिसरात येऊन विसावला. पणजीत सचिवालय, टांकसाळ, लष्कराच्या बराकी आणि १८४२ साली स्थापन झालेली वैद्यकीय शाळा. रायबंदरात रुग्ण, अनाथ आणि निराधार. वाटणी अशी झाली. यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे म्हणता येणार नाही. किंबहुना जुन्या संस्थांना आसरा मिळाला हे चांगलेच झाले. तथापि नव्या राजधानीने आपले देखणेपण स्वतःपाशी ठेवून आपली दुःखे वेशीवरच्या गावाच्या स्वाधीन केली, हे त्या वाटणीवरून दिसून येते. आणि रायबंदरने ती सांभाळली, हे त्याच्या लौकिकाला भूषणच आहे.

मिठाची गोष्ट

लिन्यारिशच्या पुलाच्या दोन्ही अंगांना एके काळी मिठाची आगरे पसरलेली होती. खाजन जमिनीची व्यवस्था हे गोव्याच्या गावकऱ्यांचे फार प्राचीन शहाणपण आहे. मातीचे बांध घालून खारे पाणी थोपवावयाचे, बांधात ‘मानस’ नावाची लाकडी दारे बसवावयाची, भरतीला ती आपोआप मिटावी आणि ओहोटीला उघडावी अशी योजना करावयाची. पावसाळ्यात तेथे खाऱ्या जमिनीत तग धरणारे भात, इतर वेळी मासळी, आणि उन्हाळ्यात सोयीच्या जागी मीठ. या सर्वांची देखरेख गावकरी संस्था करीत. १५२६ साली आफोन्सो मेशिया याने तिसवाडीतील गावांच्या चालीरीतींची जी सनद लिहून काढली, तिच्या आधीपासून त्या नांदत होत्या. अशा भूमीत व्हाइसरॉयने पूल बांधला; पण पाणी आत-बाहेर जाऊ देण्याचा गावकऱ्यांचा नियम त्यालाही पाळावा लागला. पुलाच्या कमानी म्हणजे या नियमाला दिलेली मान्यताच होय.

आगरांवर घाला आला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि तोही एका परकीय तहाने. २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्लंड व पोर्तुगाल यांच्यात झालेल्या तहाने ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा यांच्यामधील जकातीची नाकी उठली, मुरगाव बंदर व रेल्वे यांचा मार्ग मोकळा झाला; पण त्याच तहाने गोव्यातील मिठाचा मक्ता ब्रिटिशांच्या हाती गेला. मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये मिळावयाचे होते. ब्रिटिशांना गोव्याचे मीठ नको होते. स्वतःच्या मिठावरील कर बुडू नये एवढेच त्यांना हवे होते. म्हणून त्यांनी उत्पादनावर कडक निर्बंध घातले आणि कितीतरी आगरे ओस पडली. तो तह १८९२ च्या आरंभी संपला. परंतु मोडलेला बांध आणि पांगलेला आगरी पुन्हा जागेवर आणणे तहाच्या मुदतीइतके सोपे नसते. पेडणे महालातील आगरवाड्यात मिठाचा धंदा तग धरून राहिला आणि त्या गावाचे नावच त्याची साक्ष देते. रायबंदरच्या पुलाकाठी मात्र बहुतेक आगरांची जागा आता तिवरांनी आणि गवताने घेतली आहे. दांडीच्या यात्रेने मिठाच्या कराचा प्रश्न देशापुढे मांडला तो १९३० साली. त्याच्या पन्नास वर्षे आधी गोव्याच्या आगऱ्याने त्या कराची झळ सोसली होती. त्याची यात्रा मात्र कोणी काढली नाही.

पैलतीराचा माणूस

रायबंदरचा इतिहास सांगताना पैलतीराचा विसर पडून चालणार नाही. जुन्या काबिजादीतील तिसवाडी आणि नव्या काबिजादीतील डिचोली यांच्यामध्ये चोडण व दिवाडी ही बेटे आहेत. दिवाडीवर कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर याचे देवालय होते. १५४० च्या सुमारास पोर्तुगिजांनी ते मोडले, तेव्हा भक्तांनी देवाचे लिंग खाडी ओलांडून डिचोली महालातील नार्वे येथे नेले. छत्रपती शिवाजी महाराजांनी १३ नोव्हेंबर १६६८ रोजी तेथील देवालयाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा केली. सत्तेच्या सीमेने एकाच समाजाचे दोन तुकडे केले. एका तीरावर देवळाचे अवशेष आणि दुसऱ्या तीरावर देव. परंतु मधले पाणी फार रुंद नव्हते आणि होड्या चालूच होत्या.

डिचोली १७८१ साली आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगिजांकडे आले. त्यानंतर या महालांतील रयतेची कोर्टकचेरी पणजीच्या राज्यकर्त्यांशी जडली. पेडण्याचा माणूस म्हापशावरून बेतीला येई आणि तेथून नदी ओलांडून पणजीत उतरे. डिचोली आणि मये या बाजूच्या माणसाला मात्र चोडण बेटावरून रायबंदर हीच जवळची वाट. आजही मये आणि चोडण पुलाने जोडलेले आहेत, आणि चोडण ते रायबंदर फेरीबोट आहे. दफ्तरातील कारकून, महाविद्यालयातील मुले, भाजीच्या पाट्या घेऊन निघालेल्या बाया, इस्पितळाकडे निघालेले रोगी या साऱ्यांनी ही वाट पिढ्यान् पिढ्या तुडविली आहे. रायबंदरचा धक्का हे त्यांच्या दृष्टीने राजधानीचे प्रवेशद्वार होय. पणजीला पोहोचलो ही भावना पाट्ट्याच्या पुलावर नव्हे, तर फेरीबोटीचा फाळका रायबंदरच्या धक्क्याला टेकतो तेव्हाच त्यांच्या मनात येते.

विसाव्या शतकाच्या मध्याला डिचोलीच्या डोंगरांतील लोहखनिजाला जगाची बाजारपेठ मिळाली. सारमानस आणि आसपासच्या धक्क्यांवर खनिज भरून बार्जेस मांडवीतून मुरगावकडे जाऊ लागल्या. एके काळी लिस्बनची जहाजे पाहिलेल्या रायबंदरने मग डिचोलीची लाल माती जपानच्या दिशेने जाताना पाहिली. २०१२ साली खाणी बंद झाल्या. पुढे काही सुरू झाल्या, तोच २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. खाणींच्या भरभराटीत आणि मंदीत डिचोलीच्या घरांत काय घडले, याचा अंदाज रायबंदरच्या काठावर बसून नदीतील बार्जेस मोजणाऱ्यालाही आला असता.

मुक्तीनंतर

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि पणजी लोकनियुक्त सरकारची राजधानी बनली. १९७० साली मांडवीवर पूल झाला. बार्देश आणि पेडणे हे तालुके राजधानीला रस्त्याने जोडले गेले. ५ जुलै १९८६ रोजी तो पूल कोसळला, तेव्हा त्या बाजूची वाहतूक पुन्हा फेरीबोटींवर आली आणि वेशीवरच्या धक्क्यांचे मोल काय असते हे नव्या पिढीला समजले. त्यानंतर नवे पूल झाले. २०१९ साली अटल सेतूही खुला झाला. २००० साली विधानसभा आदिलशाहाच्या वाड्यातून नदीपलीकडे पर्वरीला गेली. राजधानीचे पाऊल आता उत्तरेकडे पडले. पूर्वेकडील रायबंदर त्या धावपळीतून काहीसे बाजूला राहिले. जुन्या गोव्याकडे जाणारी मोठी वाहतूक कदंब पठारावरील रुंद रस्त्याने जाऊ लागली, त्यामुळे नदीकाठच्या जुन्या रस्त्याला थोडी उसंत मिळाली. जांभ्या दगडाची जुनी घरे, त्यांचे रस्त्याकडे तोंड करून असलेले सोपे आणि समोर वाहणारी नदी, एवढे रूप रायबंदरने अजून टिकविले आहे.

संस्था येणे आणि जाणे हा वेशीवरच्या गावाचा धर्मच आहे. रायबंदरच्या जुन्या इस्पितळाच्या वास्तूत १९९३ साली स्थापन झालेली गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट ही संस्था नांदू लागली. रुग्णांच्या खोल्यांत व्यापारशास्त्राचे वर्ग भरले. पुढे संस्था वाढली आणि साखळीजवळच्या नव्या आवारात गेली. पैलतीराचा माणूस शिक्षणासाठी रायबंदरला येत होता. आता रायबंदरची विद्या पैलतीराकडे गेली. समोरच्या चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला १९८८ साली डॉ. सलीम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य झाले, आणि ते पाहावयास येणारे पाहुणे रायबंदरच्याच धक्क्यावरून होडीत पाय ठेवतात.

दरम्यान पणजी शहर मात्र रायबंदरकडे सरकत आहे. रायबंदर पणजी महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. पुलाच्या पश्चिम टोकाला, जेथे पूर्वी खाजन आणि चिखल होता, तेथे पाट्ट्याची नवी वसाहत उभी आहे : कदंब महामंडळाचे बसस्थानक, बँका, सरकारी कचेऱ्या आणि १८३२ साली स्थापन झालेल्या ग्रंथालयाची, म्हणजे आजच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची, नवी इमारत. शहराला जागा हवी आहे आणि जागा दलदलीतच उरली आहे. हे स्वाभाविक असले तरी येथेच विचार करण्याजोगा प्रश्न उत्पन्न होतो.

लिन्यारिशच्या पुलाला आता चार शतके होत आली. तो बांधणाऱ्यांनी मोटारीचे स्वप्नही पाहिले नव्हते. तरीही तो त्यांचे ओझे वाहत आला. तो टिकला तो दगडाच्या भक्कमपणामुळे जितका, तितकाच त्याच्या पोटातील पाण्याच्या वाटांमुळे. भरतीशी झगडण्याऐवजी त्याने तिला वाट दिली. दोन्ही बाजूंची तिवरे लाटांचा मार झेलतात, खाजन पावसाचे पाणी पोटात घेते, आणि त्यामुळे पणजीचा सखल भागही काही अंशी सुरक्षित राहतो. कमानी गाळाने बुजल्या, तिवरे तुटली, खाजनात भराव पडला, तर पुलाचे आयुष्य घटेल. आणि त्याचा पहिला फटका रायबंदरला बसला तरी दुसरा पणजीलाच बसेल. जुन्या गोव्याच्या राजधानीला शत्रूच्या तोफांनी मारले नाही. साचलेल्या आणि नासलेल्या पाण्याने मारले. तिच्या अंत्ययात्रेच्या वाटेवर वसलेल्या गावाला ही गोष्ट इतरांहून अधिक ठाऊक असावयास हवी.

चोडणच्या पुलाचा प्रश्नही अनेक वर्षे चर्चेत आहे. पूल झाला तर डिचोलीचा माणूस थेट मोटारीने राजधानीत येईल, रात्रीअपरात्री आजाऱ्याला नेण्याची अडचण संपेल. हे मोठे लाभ आहेत, आणि बेटावर राहणाऱ्याला ते नाकारण्याचा अधिकार शहरात राहणाऱ्याला नाही. उलट पक्षी, बेटाची शेते, खाजने आणि अभयारण्य यांवर घरबांधणीचा लोंढा येईल ही धास्तीही खोटी नाही. मांडवीवरील पुलानंतर पलीकडच्या पर्वरीचे काय झाले हे सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. निर्णय कोणताही होवो. तो घेताना लिन्यारिशच्या पुलाचा धडा ध्यानात ठेवावा. वाट काढावी, पण पाण्याचीही वाट मोकळी ठेवावी.

राजधान्या येतात आणि जातात. चंद्रपूर गेले, गोपकपट्टण गेले, एळ्याचे शहर गेले. त्यांच्या वेशीवरची गावे मात्र बहुधा टिकतात, कारण त्यांचे जीवन सत्तेवर नव्हे तर नदीवर, शेतावर आणि येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांवर चालते. रायबंदरला कोणी राजधानी म्हटले नाही, आणि त्याने तशी हौसही धरली नाही. दोन राजधान्यांचे आजार, अनाथ, दारूखाने आणि प्रवासी त्याने सांभाळले, आणि त्या दोहोंना जोडणारी वाट चालू ठेवली. गोव्याच्या इतिहासात विजयाच्या तारखा पुष्कळ आहेत. १६३३-३४ ही साले त्यांत सहसा मोजली जात नाहीत. परंतु त्या विजयांनी मिळविलेले बहुतेक सारे गेले आहे, आणि त्या दोन वर्षांत बांधलेल्या वाटेवरून माणसे आजही कामाला जात आहेत.